जागा धरणारे मानोजीमामा

मानोजीमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले, त्याआधी त्यांचा टॉवेल आला. आमची वास्तुशांत होती. मी खुर्च्या मांडत होतो, तेवढ्यात उघड्या खिडकीतून लाल काठाचा टॉवेल भिरभिरत आला आणि पंख्याखालच्या खुर्चीवर अचूक पसरला. मागोमाग आवाज, "माणूस आहे तिथं!" अजून एकही पाहुणा आलेला नव्हता. पण सावध राहायला गर्दीच लागते असं थोडंच आहे?

मी पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. मामा तिथल्या विजयनगर भागात आमचे शेजारी. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. पूर्वजांनी किती किल्ले घेतले ठाऊक नाही, मामांनी मात्र बसमधल्या जागा घेतल्या. जुन्या बसस्थानकात बस वळत असतानाच ते तिच्या बाजूनं धावत आणि खिडकीतून टॉवेल फेकत. त्या जागेवर कोणी बसू लागलं की कन्नडमध्ये दरडावत, "जना इद्दारे!" म्हणजे, माणूस आहे. कुठे आहे, असं विचारलं की, येतंय, हळू येतंय. इकडे गर्दीचा सगळा कारभार 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या, एवढ्यावर चालतो. मामांना ते शब्द ऐकले तरी पित्त होई.

हळू येणारं माणूस म्हणजे त्यांची बायको, गिरिजामामी. लहानपणी पोलिओनं पाय अधू झाला, आता बाहेर जायचं तर चाकांची खुर्ची. कडकोळला बहिणीकडे निघाल्या की मामा जागा धरत आणि अनोळखी लोक मामींना उचलून पायऱ्या चढवत. तेवढा वेळ मामी डोळे गच्च मिटून घेत. मामा लढाई मारल्याच्या थाटात घाम पुसत, त्याच टॉवेलनं.

मग बसस्थानकाचा पुनर्विकास निघाला. पत्र्याच्या कुंपणावर भलंमोठं चित्र लागलं. हिरवीगार झाडं, इलेक्ट्रिक बस, चाकांच्या खुर्चीसाठी उतार आणि वर 'सर्वांसाठी सुगम, शाश्वत प्रवास'. चित्रातली बस रिकामी होती.

"फसवतायत," मामा म्हणाले. "रिकामी बस कुठं असतीय? अल्वा, खरं की नाही?"

लोकांच्या हरकती ऐकायला सभा झाली. कोणी पार्किंगचं विचारलं, कोणी तोडल्या जाणाऱ्या झाडांचं. मामा उठले. "मॅडम, आमची एकच हरकत. नव्या बसच्या खिडक्या उघडतात का?"

"नाही सर, एसी बस आहे," तरुण इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"मग जागा कशी धरायची?"

"धरायची गरजच नाही. चाकांच्या खुर्चीची जागा राखीव आहे, सर. दारातून थेट आत."

टाळ्या पडल्या. मामा मटकन खाली बसले. इतक्या चांगल्या बातमीवर इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

"तलकाडची देवळं कावेरीच्या वाळूत गाडली गेली, तसं झालं बघा आमचं," परतताना ते म्हणाले.

"अहो मामा, मामी आपल्या आपण चढतील. चांगलंच झालं की!"

"चांगलंच की. उद्या एकटीच जाईल. मी सुम्ने घरात बसतो, उगंच." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "लग्नात तिचे वडील विचारलेले, पोरीचं कसं करणार म्हणून. मी म्हटलं, कुठं पण जाऊ दे, तिला उभं राहू देणार नाही. तेवढंच येतंय मला."

 

यथावकाश उद्घाटन झालं. सर्वांसाठीच्या त्या सुगम उतारावर प्रमुख पाहुण्यांचे सोफे मांडले होते. सोफे हलल्यावर उतार सर्वांचा झाला आणि मामा-मामी कडकोळला निघाले. माझा कारखाना तिथलाच, म्हणून मीही बरोबर होतो.

बस आली ती आवाज न करता. मामा सवयीनं धावले, सवयीनं टॉवेल फेकला. टॉवेल काचेवर आपटला आणि खाली पडला. आतल्या कॉलेजच्या मुलांनी लगेच मोबाइल काढले. प्रवास शाश्वत असो नसो, व्हिडिओ होणार होता. तोवर दारातून फळी खाली आली आणि मामी खुर्ची ढकलत आत गेल्या. कोणाचा हात लागला नाही. डोळे टक्क उघडे होते. कंडक्टरनं त्यांच्या खुर्चीला पट्टा लावला.

मामा टॉवेल उचलायला वाकले, तेवढ्यात रांग त्यांना मागे सारून चढली. ते सगळ्यांच्या शेवटी आत आले आणि दाराशीच दांडा धरून उभे राहिले. टॉवेल हातात, नजर बाहेर. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मामींच्या शेजारची सीट रिकामी होती. एक मुलगा तिथं बसायला वाकला. मामींनी झटक्यात मांडीवरची शाल त्या सीटवर टाकली.

"जना इद्दारे!"

मुलगा इकडेतिकडे बघू लागला. मामींनी मान वळवून दाराकडे बोट केलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, "माणूस आहे इथं. येतंय. हळू येतंय."

मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग गर्दीत शिरले आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच लोकांना म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."