रुमाल गिरिजाबाईंचा

दिवाण साहेबांनी गिरिजाबाई हिरेमठांना फसवलं. रुमालाची युक्ती बाईंची. साहेबांनी ती आपल्या नावावर लावली आणि जी खुर्ची बाईंना मिळायला हवी होती, तिच्यावर स्वतः जाऊन बसले. यात गैरसमज नाही आणि दोन बाजूही नाहीत. बाईंना विचाराल तर त्या म्हणतील, "असू दे की." मला विचाराल तर मी उलट विचारीन, का म्हणून असू दे?

सोलापूरच्या नवी पेठेत माझं टाइपरायटरचं दुकान आहे. वेळापुराहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात यंत्रं पुसत होतो. पुढं दुरुस्ती शिकलो, जुनी यंत्रं घेऊन विकू लागलो, मग स्वतःची पाटी लावली. शाळा सातवीपर्यंत. भांडवल म्हणाल तर घसा. मी भाव करायला लागलो की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. भाजीवाली, टांगेवाला, खुद्द माझे व्याही, घासाघीस केल्याशिवाय मी कुणाला सोडलेलं नाही.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीनं मला कॅल्क्युलेटरची एजन्सी दिली. तळहाताएवढं यंत्र. बटन दाबलं की काळ्या काचेत लाल आकडे उजळायचे. यंत्र गिऱ्हाइकाला दाखवायला कंपनी प्रत्येक एजंटाकडे आपलं एक माणूस ठेवायची. मी पत्रात लिहिलं, चांगलं बोलकं माणूस पाठवा. त्यांनी गिरिजाबाई पाठवल्या.

बाई तिशीच्या आतबाहेर. गाव अक्कलकोटकडचं, वडील कानडी शाळेत मास्तर, बाई गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या. खांद्याला कापडी पिशवी. दुपारी जेवायला बसल्या की कडक भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. दिवसभरात त्यांचा आवाज म्हणाल तर तेवढाच.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "गिऱ्हाइकाला काय सांगाल?"

बाईंनी बराच विचार केला. "बघा की, म्हणीन."

"आणि मग?"

"मग ते बघतील की."

मी त्याच दिवशी कंपनीला पत्र टाकलं, हा माल परत न्या. उत्तर यायला महिना लागला. तोवर कंपनीचं एकही यंत्र दुकानात शिल्लक नव्हतं.

त्यांची एक तऱ्हा अख्ख्या पेठेला पाठ झाली होती. अनोळखी दुकानात बाई सरळ शिरत नसत. आधी दुकानावरून एकदा जायच्या, मान खाली, जणू दुसरीकडेच निघाल्यात. थोडं पुढं जाऊन परत फिरायच्या, पुन्हा दुकान ओलांडायच्या. तिसऱ्या खेपेला आत. लोक म्हणायचे, "दोन चकरा झाल्या, टेबल रिकामं करा, बाई यायल्यात." मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, एका चकरेत भागत नाही का?" तर म्हणाल्या, "पहिलीत पळून जावंसं वाटतं. दुसरीत लाज वाटते." तिसरीत काय वाटतं ते सांगितलं नाही.

आत गेल्यावर यंत्र टेबलावर ठेवायचं, "बघा की" म्हणायचं आणि गप्प बसायचं. सुताचे व्यापारी मल्लप्पा बिराजदार माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "बाबूशेठ, कसली बाई पाठवलाय हो! तासभर मी तिला सांगायलोय, हे यंत्र आमच्या काय कामाचं नाही. बाई नुसती ऐकतीय. बोलता बोलता माझी बोटं बटनावर. शेवटी माझंच म्हणणं मला पटंना झालं."

"मग?"

"मग काय! दोन द्या."

माझ्यावरही त्यांनी हाच प्रयोग केला. बाई मला रविवारीही दुकानात हव्या होत्या. तसं सांगितलं तर बाई गप्प. मी म्हणालो, "बरं, अर्धाच दिवस या." गप्प. "बरं, महिन्यातनं दोनच रविवार." तरी गप्प. मला शांतता सोसत नाही. दहा मिनिटांत मी रविवार सोडला होता आणि सोमवारी तासभर उशिरा यायची मुभाही देऊन बसलो होतो. तेव्हा बाई म्हणाल्या, "चालेल की." उभ्या आयुष्यात मला असं कुणी उताणं पाडलेलं नाही.

मार्केट यार्डात मात्र आमची डाळ शिजेना. जुन्या अडत्यांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एकमेकांचा हात धरायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. चार माणसं भोवती उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. अडते म्हणायचे, "आमचा भाव बोटात हाय. यंत्र काय करायचंय?"

बाई तरी प्रत्येक बाजाराला जात. काट्याजवळ उभ्या राहून नुसतं बघत. एकदा मीही बरोबर होतो. मंद्रूपकडची सोनाबाई नावाची विधवा भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली होती. बाईमाणसाचा हात अडत्या कसा धरणार? म्हणून रुमालाखाली तिच्या धाकट्या दिराचा हात. बोटं हलली, माना हलल्या, रुमाल निघाला.

सोनाबाईनं विचारलं, "किती ठरलं, भावजी?"

"ठरलं की बरं. तुला काय करायचंय?"

"माल माजा हाय न्हवं? मग हात तुमचा कशापायी?"

अडत्या म्हणाला, "मावशे, तुझा हात धरून भाव करू व्हय? लोक काय म्हणतील?"

हमाल हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. गिरिजाबाई हसल्या नाहीत. त्या सोनाबाईजवळ गेल्या आणि विचारलं, "शेंगा अजून आहेत घरात?"

"हायती की, निम्म्या."

त्या रविवारी बाई एसटीनं मंद्रूपला गेल्या, हे मला मागाहून कळलं. सोनाबाईला अक्षर येत नव्हतं, इंग्रजी आकडे तर लांबच राहिले. बाईंनी काडेपेटी काढली. या यंत्रातला आकडा सरळ काड्यांचाच असतो. एकाला दोन पुरतात, आठाला सात लागतात. ओसरीवर बसून दोघींनी काड्या मांडून शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे गिरवले.

पुढच्या बाजारी बाईंनी काट्याभोवती दोन चकरा मारल्या. तिसऱ्या खेपेला त्या सरळ अडत्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या मांडीवरचा रुमाल उचलला, खाली यंत्र ठेवलं आणि मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं तोवरचं सगळ्यात लांब भाषण केलं. "हात नको. यात आकडा टाका आणि सरकवा. पटला तर सोनाबाई तसाच परत देतील. नाही पटला तर आपला टाकतील."

अडत्यानं भोवती बघितलं. आज हमाल हसत नव्हते, पुढं सरकले होते. त्यानं आकडा टाकला. सोनाबाईनं रुमालाच्या कडेनं वाकून लाल काड्या वाचल्या, सावकाश बटनं दाबली आणि यंत्र परत सरकवलं. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला यंत्र आकडा न बदलता परत आलं. दीर मान लांब करून बघत होता. सोनाबाई म्हणाली, "तुमाला काय करायचंय, भावजी?"

यार्डात असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. महिन्याभरात ज्याच्या त्याच्या रुमालाखाली आमचं यंत्र. सांगली, लातूरचे एजंट बघायला आले. आणि एक दिवस मुंबईहून कंपनीचे दिवाण साहेब आले.

दिवाण साहेब म्हणजे सफारी सूट, अत्तर आणि न थांबणारी जीभ. बाजारात नाकाला रुमाल लावून फिरले, फोटो काढून घेतले आणि बाईंना म्हणाले, "वा! मला जरा समजावून सांगा." बाई सांगणार कसल्या? पण बाई लिहीत मात्र झकास. माझ्या दुकानात बसून त्यांनी चार पानं टाइप केली. रुमाल, यंत्र, सोनाबाई, काड्या, सगळं. खाली नाव. साहेबांनी पानांची घडी करून खिशात घातली.

आणीबाणी उठली त्या वर्षी पुण्याला एजंटांची सभा झाली. पश्चिम विभागाचा विक्रीप्रमुख तिथं जाहीर व्हायचा होता. बाईंच्या नावाचा विचार चालू आहे, असं कंपनीचंच पत्र आलं होतं. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मी नवीन टोपी घातली होती.

दिवाण साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, सोलापूरच्या बाजारात हिंडताना मला एक कल्पना सुचली." पुढं चार पानं वाचून दाखवली. सोनाबाई तेवढी गाळली. मग मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, विक्रीप्रमुख श्री. दिवाण. वर म्हणाले, "आमच्या मिस हिरेमठही हुशार आहेत. पण या खुर्चीवरच्या माणसाला बोलता आलं पाहिजे."

मी उठलो. "ती पानं कुणाची? माझ्या दुकानात टाइप झालीत ती! त्या यंत्राचा 'र' अर्धाच उठतो. काढा कागद! बघू द्या सगळ्यांना, रुमालाचा 'र' कसा उठलाय!"

"बाबूराव," दिवाण साहेब हसत म्हणाले, "हा बाजार नाही."

"बाजार नाही? मग चोरीचा माल मांडलाय कशाला?"

"शेठ, बसा," बाई म्हणाल्या आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण सभागृहाला काचेची दारं होती. काचेतून दिसलं, बाई मान खाली घालून डावीकडून उजवीकडे गेल्या. थोड्या वेळानं उजवीकडून डावीकडे. मी टोपी नीट केली आणि खुर्चीत रेलून बसलो.

बाई आत आल्या त्या थेट व्यासपीठावर. पिशवीतून रुमाल काढला, यंत्र ठेवलं, यंत्रावर रुमाल पसरला. "साहेब, शेंगांचा सौदा करा की."

दिवाण साहेबांनी जादूगारासारखा हात फिरवला आणि रुमाल झटकन उडवून बाजूला टाकला.

आधी सांगलीचा एजंट ओरडला, "ओ साहेब, झाका की! भाव उघडा पडला!" मग सगळं सभागृह हसत सुटलं. साहेब रुमाल शोधत होते, तो पायाखाली गेला होता. बाईंनी तो उचलला, झटकला, घडी केली आणि शांतपणे जागेवर येऊन बसल्या. 

निर्णय बदलला नाही. हसण्यावर खुर्च्या मिळत नाहीत.

परतीच्या एसटीत मी भिगवणपर्यंत दिवाण साहेबांच्या सात पिढ्या मोजल्या. शिव्या संपल्या म्हणून थांबलो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बघता बघताच बोलल्या.

"शेठ, आमच्या घरात कुणी ओरडत नाही. वडील रागावले तरी कुजबुजतात. शाळेत माझा पहिला नंबर दुसऱ्या मुलीला दिला, तेव्हा घरी म्हणाले, हळू बोल. कॉलेजातही तेच. माझ्यासाठी आजवर कुणी ओरडलं नव्हतं."

मग म्हणाल्या, "बरं वाटलं."

  मी उठून कंडक्टरशी तिकिटावरून उगाच भांडण काढलं. गाडी इतकी का हादरते, याचाही त्याला जाब विचारला. बाई हळूच हसल्याचं मागून ऐकू आलं.

वर्षाच्या आत बेंगळूरच्या एका कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं. रुमालाची गोष्ट एजंटांच्या तोंडून तिथवर गेली होती. त्यांनी भाषण मागितलं नाही, लेखी योजना मागितली. आज त्या कंपनीची सगळी विक्री गिरिजाबाईंच्या हाती आहे आणि बोलके पुरुष त्यांच्या हाताखाली आहेत. माझ्या दुकानात आता त्यांच्याच कंपनीचं यंत्र असतं. बाईंनी भावात मला एक पैसा सोडला नाही.

तेव्हा कुणी म्हणेल, बाईंचं भलं झालं, आता काय कुरकुर? भलं त्यांनी स्वतः केलं. त्यानं चोरी फिटत नाही. जुन्या कंपनीची नवी पुस्तिका परवा माझ्या हाती आली. पहिल्याच पानावर दिवाण साहेबांचा फोटो, रुमाल चक्क खांद्यावर, आणि खाली छापलंय, श्री. दिवाण यांची अभिनव योजना. मी तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. म्हणून हे इथं, चार लोकांसमोर लिहितो आहे.

दिवाण साहेब, बाईंना बोलता येत नाही आणि तुम्हाला येतं, म्हणून खुर्ची तुम्हाला मिळाली. मग बोला. त्या चार पानांच्या खाली नाव कुणाचं होतं?