बाबांच्या तोंडातलं शैक्षणिक कर्ज

"कर्ज शिक्षणासाठी घेतलंय ना? मग त्यातला पैसा शिक्षणावरच जाणार! मी तर चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पितो!"

हे वाक्य दाढोबा उठता-बसता म्हणायचा, आणि म्हणताना छाती अशी फुगवायचा की शर्टाच्या दुसऱ्या बटणाचं काही खरं नसायचं. वर्गातल्या एकानं शैक्षणिक कर्जातून मोटरसायकल घेतली होती. दुसऱ्यानं मैत्रिणीला फोन घेऊन दिला आणि मैत्रीण फोनसकट पसार झाली. दाढोबानं दोघांनाही कँटीनमध्ये उभं करून नीतीचे धडे दिले होते. मोटरसायकलवाला बिचारा रोज त्याला घरापर्यंत सोडायचा. दाढोबा मागच्या सीटवर बसून उरलेला उपदेश पूर्ण करायचा.

दाढोबा हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा कोर्स करत होता आणि या कोर्सात पहिल्या वर्षी साबणाच्या वडीतून दाढा कोरायला शिकवतात. त्यामुळे घरात साबण म्हणून जे काही होतं, ते सगळं दाढेच्या आकाराचं होतं. आई अंघोळीला जाताना हाक मारायची, "एक दाढ दे रे इकडे!" तिथून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

फी बँक परस्पर कॉलेजात भरत असे. दुसऱ्या वर्षी मात्र प्रत्येकाला स्वतःची अवजारं लागतात, म्हणजे कवळी घासायची छोटी मोटर, मेणाचा दिवा, साचे वगैरे. तेवढे पैसे बँकेनं दाढोबाच्या खात्यावर टाकले होते. अवजारं घ्यायला अजून वेळ होता. तोवर दाढोबा त्या पैशांकडे नुसता लांबून बघायचा आणि स्वतःच्याच सज्जनपणावर खूष व्हायचा.

आणि नेमके तेव्हाच बाबांचे दात पडले!

बाबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. साधंसुधं नाही, बँडच्या जाहिरातीवर त्यांचा फोटो होता! एका मिरवणुकीत पुढचा ढोलवाला कुत्रं आडवं आलं म्हणून एकदम थांबला. बाबा ढोलावर आदळले, आणि मागचा जाडजूड भोंगेवाला बाबांवर आदळला. मधल्या मध्ये ट्रम्पेट होता, आणि ट्रम्पेटच्या टोकाला बाबांचे दात होते. काही जागीच पडले, उरलेले सदसद्विवेकबुद्धीसारखे डळमळायला लागले. दाताच्या डॉक्टरांनी वरची सगळी रांगच काढून टाकली आणि कवळीचा जो खर्च सांगितला, तो ऐकून बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

वरच्या दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नाही. बाबांनी खूप जोर लावला. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा आवाज आला. बँडच्या मालकानं ट्रम्पेट काढून घेतला, हातात झांजा दिल्या आणि पगार अर्धा केला. "महिनाभर वाट बघतो. नाहीतर ट्रम्पेटला दुसरा माणूस बघावा लागेल."

आयुष्यभर ज्या माणसानं ट्रम्पेट वाजवला, तो आता सगळ्यात मागे उभा राहून झांजा आपटत होता. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. दाढोबाला ते बघवेना. त्याला रडू यायचं, खरंच यायचं.

अशा वेळी घरात मामा प्रगट झाला नाही तर तो मामा कसला! आईचा हा धाकटा भाऊ कायद्याच्या परीक्षेला तीनदा बसला होता आणि तीनदा उठला होता. सनद मिळाली नाही, पण वाद घालायची सवय मात्र पहिल्याच झटक्यात लागली होती.

"खात्यावर पैसे आहेत ना?" मामानं विचारलं.

"ते अवजारांचे आहेत!" दाढोबा ताडकन उठला. "शैक्षणिक साहित्यासाठी दिलेत बँकेनं!"

"बरं. शैक्षणिक साहित्य म्हणजे काय?"

"म्हणजे... ज्याच्यावर आम्ही शिकतो ते."

"तू काय शिकतोस?"

"कवळी."

"मग कवळी घे! उत्तम डॉक्टरांनी बनवलेली, नमुना म्हणून. रोज नजरेसमोर राहील. आता ती कपाटात ठेवायची की बाबांच्या तोंडात, हा जागेचा प्रश्न आहे. नीतीचा नाही!"

दाढोबाला ते पटलं. खरं म्हणजे त्याला पटवून घ्यायचंच होतं.

"अरे, त्यापेक्षा बँकेला सरळ विचारा ना," आई शिलाई मशीनवरून म्हणाली. "अडचण सांगितली तर माणसं ऐकतात."

"ताई, विचारलं की नाही म्हणायचं, याचाच त्यांना पगार मिळतो!" मामानं तो विषय तिथेच गाडला.

कवळी आली. बाबा हसले तर खोलीत दिवा लावल्यासारखं वाटायचं. ट्रम्पेट परत मिळाला, पगार परत मिळाला. मोटरसायकलवाल्याला कुठून कळलं कोण जाणे. त्यानं सिग्नलला गाडी थांबवून मागे वळून एवढंच म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" उरलेली म्हण त्यानं सभ्यपणे गिळली. दाढोबा त्या दिवसापासून बसनं जायला लागला.

आणि मग बँकेचे साहेब तपासणीला आले!

दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी अवजारं खरंच घेतलीत का, ते बघायचं होतं. साहेब दिसायला कडक, पण बोलताना त्यांच्या तोंडातून मधूनमधून 'कट्' असा आवाज यायचा.

"साहित्य कुठाय? कट्."

अहवाल वाईट गेला, तर दुसरं वर्ष बुडालं! तो खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मामा मध्ये घुसला.

"साहित्य? हे काय समोर! भावजी, हसा!"

बाबा हसले. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं.

"ही कवळी आमच्या भाच्यानं स्वतःच्या हातानं बनवलीय!"

दाढोबानं डोळे मिटले. आईच्या मशीनची सुई थांबली. साहेब मात्र पुढे सरकले, बाबांच्या तोंडात पार डोकावले आणि हळूच म्हणाले, "ढिली होत नाही?"

"ढिली?" मामाला चेव चढला. "ट्रम्पेट वाजवतात ते हिच्यावर!"

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, पाठ फिरवली, खिशातून रुमाल काढला आणि त्यात स्वतःची वरची कवळी काढून दाढोबाच्या हातात ठेवली.

"चावताना लोज कट्कट्," ते म्हणाले आणि बोटांनी खुणा करून बाकीचं समजावलं. हिरड्या आत गेल्यात, कवळी मोठी पडते, घट्ट करून दे. घरी जुनी एक जोडी आहे, तोवर तिच्यावर भागवीन. रविवारी येतो. अहवाल कवळी मिळाल्यावर!

साहेब गेले. हातात बँकेचे दात घेऊन दाढोबा मामाकडे बघत राहिला. "मामा, मला साबणाच्या दाढेपलीकडे काही येत नाही! आणि मोटरचे पैसे तर त्या कवळीतच गेले!"

"शिकायला यापेक्षा चांगली संधी कुठे मिळणार?" मामा म्हणाला आणि घाईघाईनं चप्पल घालून निघून गेला.

दाढोबानं काय काय नाही केलं! कॉलेजातल्या सरांना गाठलं, तर ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षी ये." आईच्या नखं घासायच्या कानशीनं कवळी घासली, तर ती घट्ट होण्याऐवजी आणखीनच ढिली झाली. शेवटी त्यानं ठरवलं, रविवारी साहेबांना सगळं खरं सांगून टाकायचं. ठरवल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की शनिवारी रात्री त्यानं साहेबांची कवळी छान धुऊन, पेल्यात पाणी घालून, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

त्याच फळीवर बाबाही आपली कवळी पेल्यात ठेवायचे.

रविवारी सकाळी आईनं फळी पुसली. पेले उचलले, पुसून झाल्यावर परत ठेवले. उजवीकडचा डावीकडे गेला, डावीकडचा उजवीकडे. तिची काय चूक? पाण्यात पडलेली कवळी ही कवळीसारखीच दिसते!

बाबांना मोठी मिरवणूक होती आणि उशीर झाला होता. सवयीनं त्यांनी उजवीकडच्या पेल्यात हात घातला, कवळी तोंडात टाकली आणि धावत बस पकडली. आई गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेली. दाढोबा साहेबांसमोर काय बोलायचं, ते पाठ करत गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. घरात उरला नाश्त्याला परत उगवलेला मामा. आणि साहेब नेमके वेळेआधी आले!

"ही घ्या!" मामानं फळीवरचा उरलेला पेला पुढे केला.

दाढोबा परत आला, तेव्हा साहेब आरशासमोर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय काम केलंयस रे!" त्यांनी दाढोबाचा खांदा थोपटला. "एक आवाज नाही! कित्येक वर्षांत मी शेंगदाणे खाल्ले नव्हते. तुझ्या मामांनी वाटीभर दिले, सगळे संपवले! असे विद्यार्थी बघितले की कर्ज दिल्याचं सार्थक वाटतं."

दाढोबा पाठ केलेलं बोलायला तोंड उघडेपर्यंत साहेब शीळ घालत निघून गेले. त्यांना दारापर्यंत पोचवून मामा आला आणि म्हणाला, "बघितलंस? तू उगाच घाबरत होतास. झाली की घट्ट!"

"मामा, ती घट्ट झालीच नव्हती," दाढोबा म्हणाला. मग त्यानं फळीकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. "मामा... ती कोणाची होती?"

याचं उत्तर थोड्याच वेळात स्वतःच्या पायांनी चालत घरी आलं. बाबा दारात उभे होते, तोंडावर रुमाल, कपाळावर घाम. मिरवणुकीत त्यांनी सर्वांत वरचा सूर लावला, आणि त्या सुराबरोबर कवळी जी सुटली, ती थेट मागच्या भोंगेवाल्याच्या भोंग्यात! भोंग्याचा आवाज बंद. लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा उलटा करून, हापटून कवळी बाहेर काढावी लागली. मालकानं पुन्हा झांजा दिल्या होत्या आणि आता महिन्याची नाही, फक्त पंधरा दिवसांची मुदत होती.

"ही माची नाही!" रुमालातली कवळी नाचवत बाबा ओरडले. "माची कुचेय?"

"बँकेत," दाढोबा म्हणाला.

सोमवारी तो बँकेत गेला. एकटाच गेला, मामाला बाहेरून कडी घालून. साहेबांच्या टेबलावर त्यानं ती ढिली कवळी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "साहेब, कर्जाचे पैसे मी बाबांच्या दातांवर घातले. ते चुकलं. पण ते दात आता तुमच्या तोंडात आहेत. ते मला परत द्या, अहवालात काय लिहायचं ते लिहा."

साहेब शेंगदाणे खात होते. त्यांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी ढिल्या कवळीकडे बघितलं, शेंगदाण्यांच्या पुडीकडे बघितलं. चेहरा कसनुसा झाला. मग ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले,

"हे बघ बाळ. शैक्षणिक साहित्य म्हणजे काय? ज्याच्यावर विद्यार्थी शिकतो ते. हिच्यावर तू किती शिकलास! आता ती तुमच्या घरी ठेवायची की माझ्या तोंडात, हा तसा बघितला तर... जागेचा प्रश्न आहे."

"साहेब!" दाढोबा असा ओरडला की रोखपालानं मोजता मोजता नोटा खाली ठेवल्या. "हा जागेचा नाही, नीतीचा प्रश्न आहे! तिकडे माझे बाबा झांजा वाजवतायत!"

सगळी बँक बघायला लागली. साहेब कानापर्यंत लाल झाले. त्यांनी दोनदा तोंडाकडे हात नेला आणि दोनदा खाली घेतला. शेवटी म्हणाले, "काढवत नाही रे. किंमत देतो. त्यात तू अवजारं घे, बाबांची कवळी स्वतः बनव, आणि अहवालात मी खरं तेच लिहीन. फक्त एक आहे..."

"काय?"

"एकदम नाही जमणार. हप्ते पाडून दे."

"पहिला हप्ता मोटरपुरता तरी हवा, आजच!" असं दाढोबानं बजावलं. आयुष्यात पहिल्यांदाच बँकेला कर्ज देणारा माणूस म्हणून तो घरी आला.

पुढचे पंधरा दिवस तो जेवणाच्या टेबलावर मोटर लावून बसला होता. सर रोज रागावत, पण शिकवत होते. पहिली कवळी तिरकी झाली, दुसरी मोडली, तिसरी बसली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाबांनी ती घातली, ट्रम्पेट ओठांना लावला आणि तो वरचा सूर लावला. लागला! टिकला! आईनं मशीन थांबवलं आणि पदर डोळ्यांना लावला. दाढोबाची छाती पुन्हा फुगली. या वेळी बटण खरंच तुटलं.

थोड्या दिवसांनी साहेब नव्या अवजारांची तपासणी करायला आले. मोटर बघितली, साचे बघितले, समाधानानं मान डोलावली. मग त्यांची नजर बाबांकडे गेली.

"ही तू बनवलेली? माझ्या कवळीपेक्षा चांगली दिसते. काढा पाहू जरा, मी नुसती घालून..."

बाबांनी चटकन ट्रम्पेट तोंडाला लावला, आणि साहेब गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत खाली ठेवला नाही.