बंकटरावांची स्वतंत्र मालिका

बाळांनो, डोळे मिटा आणि एक पिठाची गिरणी मनात आणा. ही गिरणी दिंद्रुड गावच्या केबलवर दर रविवारी लागणाऱ्या ‘गिरणीवाल्या काकू’ या विनोदी मालिकेतली. काकू म्हणजे सत्यशीलाबाई. मालिका त्यांची, पण लोक वाट बघायचे बंकटची. तो गिऱ्हाईक म्हणून प्रत्येक भागात एकदाच यायचा, रांग मोडून डबा पुढं सरकवायचा आणि काकू त्याला झोडपून बाहेर काढायच्या. एवढ्यावर गाव हसून लोळायचं.

मग गावातले पैसेवाले विजयसिंहराव म्हणाले, “ह्याची वेगळी मालिका काढा. खर्च माझा.” त्यांना निवडणूक लढवायची होती, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

“काकू, आता माघारी यायचो न्हाई,” बंकट ऐटीत म्हणाला.

“जा की खुशाल. पर जागा मोकळी ठेवणार न्हाई मी.”

शूटिंग करणारा कय्युम एरवी मोबाइल दुरुस्त करायचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “बंकटभाऊ, तुमाला झोडपायचं कुणी?”

“मला? आरं, मी हिरो हाय! सासुरवाडी बघतीय. कुणी हात लावायचा न्हाई.”

“मंग लोकांनी हसायचं कावून?”

“माझ्या रुबाबावर!”

तर बंकटराव कडक इस्त्रीत सोफ्यावर बसले. पण खर्च करणाऱ्याचा सत्कार केल्याशिवाय आपल्याकडं काही सुरू होतं का? विजयसिंहरावांना फेटा, शाल, नारळ. ते बघून त्यांचे साडू रुसले, म्हणून साडूंनाही. मग सोसायटीचे चेअरमन रुसले. कय्युमनं कात्री लावायचं म्हटलं, तर ज्याला कापावं तोच दुकानात येऊन बसायचा. पहिल्या भागात नुसते सत्कार झाले. दुसऱ्या भागात पहिल्यात राहिलेल्यांचे झाले. तिसऱ्या रविवारी बंकटच्या बायकोनं टीव्ही लावून दिला आणि ती धुणं धुवायला निघून गेली. चौथा भाग निघालाच नाही.

बंकट खाली मान घालून सत्यशीलाबाईंकडं गेला. “काकू, माझी जागा...”

“भरली.”

“कुणी घेतली?”

काकूंनी बोट दाखवलं. बंकटची तिसरीतली पोरगी स्वप्नाली डबा कवटाळून उभी होती.

“तुला रांगेत उभं करते,” काकू म्हणाल्या. “पर बोलायचं न्हाई.”

त्या रविवारी पोरगी लोकांच्या पायांमधून डबा सरकवत पुढं आली, काकू तिच्यामागं धावल्या आणि गाव पुन्हा लोळलं. मुकाट उभ्या असलेल्या बंकटलाही हसू आवरलं नाही.

पुढच्या शूटिंगला विजयसिंहराव शाल घेऊन हजर. “हिची वेगळी मालिका काढू!”

“मंग मला हाकलणार कोण?” स्वप्नालीनं विचारलं.

“तुला? कुणाची छाती हाय!”

स्वप्नालीनं एकदा बापाकडं पाहिलं. मग ती गिरणीत शिरली आणि तिनं आतून कडी घातली. विजयसिंहराव दार वाजवत राहिले, “बाळ, उघड की!”

आतून आवाज आला, “आज लाईट न्हाई. उद्या या!”