विभूतीच्या तीन पट्ट्यांनी गिरणीचे इंजिन अडविले, त्या मोहिमेची हकिकत

श्री शिव समर्थ. मौजे माकणी, तालुके लोहारे, येथील गिरणीचे इंजिन येळवशीचे, म्हणजे वेळ अमावास्येचे, आदले दिवशी कैसे रुसले आणि कैसे मनविले, हे वर्तमान डोळां पाहणारांचे मुखें ऐकोन, पदरचे मीठ अंमळच घालोन, येथे लिहिले असे. वाचणारांनी हसू आवरोन वाचावे.

राजश्री कल्याणप्पा, गिरणीचे धनी, मोठे मातब्बर. आवाज भारी, मन त्याहून भारी, आणि वडिलांचे नाव निघताच डोळ्यांस पाणी. त्यांचे तीर्थरूपांनी घेतलेले जुने डिझेल इंजिन, विजेची मोटर आलियापासोन, मागील पडवीत पेन्शन खात पडले होते. कल्याणप्पांचे कुटुंब लक्ष्मम्मा, घरच्या खऱ्या मुखत्यार, यांचे मते ते जागा अडविणारे लोखंड. कल्याणप्पांचे मते ते साक्षात वडील. ऐशात गावची डीपी जळाली आणि मोटर मुकी जाहली. उदईक येळवस, शेतोशेती पांडव पुजावयाचे, आणि घरोघर बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, पाहिजेत, आणि उंड्यांस पीठ पाहिजे. तेव्हां कल्याणप्पांनी देवळाचे भोंग्यावरोन जाहीरनामा दिला की, "आपलं इंजिन हाय. एक घर बी उंड्याबिगर ऱ्हानार न्हाय."

लक्ष्मम्मांनी तो ऐकोन घरात दुसरे फर्मान काढिले की, दिवेलागणीपर्यंत इंजिनाने पीठ दिले तर ते जन्मभर पडवीत नांदो. न दिले तर भंगारवाला दारी बोलाविला आहे. कल्याणप्पांनी भरात मान डोलाविली, आणि शब्द गेला तो गेला. भंगारवाला तराजू घेऊन आला आणि लिंबाखाली चहा पीत बसला. इंजिनाकडे तो ज्या नजरेने पाही, ती कल्याणप्पांस सोसवेना.

दोन प्रहरी कमलबाई, गल्लीतील बायांच्या सरलष्कर, डब्यांची फौज घेऊन गिरणीचे दारी उतरल्या आणि वेढा घातला. त्यांचा निरोप एवढाच की, "आप्पा, पीठ हाय का न्हाय ते सांगा. उद्या पांडवायला काय रिकामा डबा दावू?" कल्याणप्पांनी अभय दिले आणि लोहाऱ्याहून कुमकेस बोलाविलेले बलभीम मिस्त्री यांस पुढे केले. मिस्त्रींनी डिझेलचा गंजलेला पंप काढोन नवा चढविला. आता नव्या पंपास फवाऱ्याची वेळ लावोन देणे प्राप्त.

येथे वाचणारांस सांगणे अवश्य की, डिझेलचे इंजिनास ठिणगी देणारा कोणी नोकर नाही. आतील दट्ट्या वर चढतो आणि हवा दाबतो, आणि दबोन दबोन हवा ऐसी तापते की वर डिझेलचा फवारा पडताच आग आपली आपण पेटते. म्हणोन फवारा कोणते क्षणी पडावा, हाच सारा कारभार. उशीर जाहला तर नुसता धूर. घाई जाहली तर वर येणाऱ्या दट्ट्यास समोरोन तडाखा बसोन चाक उलटे झिडकारते. तो क्षण ओळखावा म्हणोन कारखान्याने मोठ्या चाकाचे कडेवर छिन्नीने एक खाच पाडिलेली असते.

मिस्त्रींनी चाक पाहिले. चाक हिरवेगार, आणि त्याचे कडेवर पांढरे ठळक तीन पट्टे, एकमेकांपासोन हातभर नव्हे तरी वीतभर खासे दूर. मिस्त्री मनी संतोषले की, कंपनी मोठी उदार, एक मागितली तर तीन खुणा दिल्या. मग पहिले पट्ट्यावर वेळ लावोन हँडल मारिले. इंजिन खोकले, आणि पांढरा धूर ऐसा सोडिला की वेढ्यातील बायांनी पदर नाकास लाविले, आणि स्वारी गप्प. मग दुसरा पट्टा. या खेपेस इंजिन चालले. कल्याणप्पांनी हात जोडिले, जाते फिरविणारा चामडी पट्टा चढविला, तो पसाभर दाणा पडताच इंजिन कण्हत कण्हत निजले. मग तिसरा पट्टा. हँडल मारिताच आत ऐसा दणका जाहला की हँडल उलटे फिरोन मिस्त्रींचे मुठीतोन सुटले आणि पत्र्यावर जाऊन आदळले. भंगारवाल्याने पेला खाली ठेविला आणि तराजू पुसावयास घेतला.

ऊन कलले. कमलबाईंचे फौजेत चुळबुळ जाहली, आणि दोघी तिघींनी शेजारगावचे चक्कीचा रस्ता धरिला. कल्याणप्पांस ते पाठमोरे डबे पाहोन वडिलांची तिरडी आठवली. तरी एक गोष्ट मनास फार भावली होती, ती बोलल्यावाचोन राहवेना.

"मिस्त्री, इंजिन चालू न चालू, तुमची भक्ती मातर खरी. दर बारीला इभूतीम्होरं वाकताय."

"कुठली इभूत?"

"ही काय. दसऱ्याला म्याच काढली. तेलरंगात काढली, जाऊ नये म्हून."

बलभीम मिस्त्री खाली बसले. "आन् म्या हिला कंपनीची खूण समजून तीन तीनदा हात मोडून घेतला व्हय! खाच कुठं गेली मग?"

खाच कोठे जाणार? दर साल दसऱ्यास यंत्राची पूजा, आणि पूजेस नवा रंग, आणि कल्याणप्पांचा हात सढळ. रंगावर रंग चढोन खाच भक्तीखाली गाडली गेली होती. लेकाने ममतेपोटी बापाचा गळाच आवळिला, ऐसा प्रकार. हे ध्यानी येताच कल्याणप्पा ओट्यावर बसोन पोराप्रमाणे रडले, आणि लाज बाळगिली नाही.

तेव्हां लक्ष्मम्मा स्वयंपाकघरातोन हाती उलथने घेऊन बाहेर आल्या. यांनीच भंगारवाला बोलाविला, परंतु नवऱ्याचे डोळ्यांत चार बायांदेखत पाणी, हे त्यांस खपले नाही. त्यांनी मिस्त्रींस विचारिले, "दुसऱ्या पट्ट्यावर कच्चं ऱ्हायलं, तिसऱ्यावर करपलं. व्हय ना? मग भाकरीची येळ मधीच असंल की!"

कल्याणप्पा ओरडले, "लक्ष्मे, देवावर उलथनं?"

"देवाला हात लावत न्हाय. मधलं हिरवं खरवडते."

आणि खरवडले. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली तांबडा, त्याखाली पुन्हा हिरवा, आणि सर्वांचे तळी काळे लोखंड, आणि लोखंडात खाच, वडिलांचे वेळी होती तैसीच. मिस्त्रींनी पंपाखालील स्क्रू फिरवोन फवारा खाचेवर आणिला. हँडल या वेळी कल्याणप्पांनी स्वतः मारिले. इंजिनाने एक हुंकार दिला, मग दुसरा, आणि मग ऐसी लय धरिली की पत्रे थरथरले. जात्याचा पट्टा चढला, बाजरी पडली, आणि ऊन ऊन पीठ कमलबाईंचे डब्यात उतरले. चक्कीकडे गेलेल्या बाया आवाज ऐकोन अर्ध्या वाटेतोन परतल्या. त्यांस कोणी टोचोन बोलले नाही. कमलबाई तेवढ्या बोलल्या.

येणेप्रमाणे दिवेलागणीस वेढा उठला, इंजिन पडवीत कायम जाहले, आणि घरोघर उंड्यांची बेगमी जाहली. लक्ष्मम्मांनी खाचेवर हळदीकुंकवाचे एकच बोट लाविले आणि आज्ञा केली की, यापुढे पूजा आणि खूण एकेच ठिकाणी असावी. कल्याणप्पांनी मान्य केले, परंतु त्यांची नजर फळीवरील तेलरंगाचे डब्याकडे वळली, ती लक्ष्मम्मांचे नजरेस आली. भंगारवाला दिवसभर दारी बसलेला, त्यास रिकामे हाती लाविणे घराचे अब्रूस शोभेना. म्हणोन रंगाचा डबा, ब्रशासुद्धा, त्याचे तराजूत घातला.