खऱ्या ग्राहकाची ओळख

घड्याळजींच्या फोनवर सकाळी संदेश आला : घरात पळण्याचं यंत्र खरेदी केल्याबद्दल आपलं अभिनंदन! घड्याळजींचे गुडघे साधा जिना चढतानाही कुरकुरत. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे मात्र खात्यातून पळाले होते.

त्यांनी तातडीने बँकेच्या ग्राहक संरक्षण कक्षाला फोन लावला.

"आपल्या सुरक्षिततेसाठी एक प्रश्न. आपला आवडता रंग?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"निळा."

"चूक. कालच आपण तो बदलून जांभळा केलात."

"अहो, मी नाही, त्या चोराने केला!"

"खऱ्या ग्राहकाला स्वतःची आवड ठाऊक असते," असं बजावून बाईंनी ग्राहकहितार्थ खातं गोठवलं. म्हणजे घड्याळजींपुरतं.

घड्याळजी लंगडत कक्षाच्या कार्यालयात पोचले. "साहेब, हा बघा, मी स्वतः तुमच्यासमोर उभा आहे."

"समोर काय, कोणीही उभं राहतं," काचेआडचे अधिकारी म्हणाले. "प्रत्यक्ष हजेरी आम्ही पुरावा धरत नाही. नोंदलेल्या नंबरावर विचारून घेऊ."

नंबरही नुकताच बदलला गेला होता. चोराने फोन लगेच उचलला. रंग, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव सगळं धडाधड सांगितलं, वर साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली.

"काय गोड माणूस! ग्राहक असावा तर असा," अधिकारी विरघळले. मग घड्याळजींकडे वळून गरजले, "आणि तुम्ही यांचं नाव सांगून इथे येता? पोलिसांतच देतो तुम्हाला!"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "जाऊ द्या हो साहेब, वयस्कर दिसतात. मी माफ केलं."

घड्याळजींनी फोनला हात जोडले.

"चोराचे आभार मानलेत?" घरी बायकोने विचारलं.

"सुटलो ना पण!"

"मग ऑपरेशन राहिलं तेच बरं. हे असलं स्वच्छ दिसून करायचंय काय?"

घड्याळजींच्या दुकानात हा किस्सा ऐकून गिऱ्हाईकं पोट धरधरून हसली. "काका, माणसाने जरा सावध असावं!"

एवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले : फसवणुकीपासून आपण सुरक्षित आहात ना? खात्रीसाठी इथे दाबा.

घड्याळजी "अहो, थांबा..." म्हणेपर्यंत सगळ्या सावध माणसांनी दाबलंसुद्धा.

तो संदेश तुम्हालाही आला असेल. आत्ता फोन बघू नका.

बघितलात ना?