दिवेलागणीला दार बंद

मधुकर टिपणीसला रात्री झोप येत नसे आणि दिवसा ती आवरत नसे. अंथरुणात पडलं की डोळे टक्क उघडे, आणि फोर्टातल्या कचेरीत दुपारी दोनचा ठोका पडला की मान थेट रजिस्टरवर. रांगणेकर साहेबांनी त्याला दोनदा पकडलं होतं. दुसऱ्या खेपेला चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "टिपणीस, तिसऱ्यांदा झोपलेले दिसलात तर चाळीसगावला बदली. तिथे झोपा हवं तेवढं."

चाळीसगाव! अंधेरीच्या चाळीत दोन खोल्या आणि स्वतःचा नळ मिळायला त्याला सहा वर्षं लागली होती. नळ गेला तर कुंदा माहेरी जाईल, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. तो तडक वैद्यांकडे गेला.

वैद्यबुवांनी नाडी धरली आणि सगळी संध्याकाळच आखून दिली. साडेसहाला मऊ भात. सातला दार बंद, विजेचा दिवा बंद, कंदील बारीक. मग आडवं होऊन काशाच्या वाटीनं तळपायांना तूप चोळून घ्यायचं, वर जायफळाचं दूध. "आणि सातनंतर मौन! एक शब्द बोललात की त्या रात्रीची झोप गेली म्हणून समजा."

"अहो, दिवेलागणीला दार लावतं का कुणी?" कुंदा म्हणाली. "लक्ष्मी यायची वेळ ती. आणि तिन्हीसांजेला आजारी माणूस आडवा होतो, धडधाकट नाही."

"लक्ष्मीला सांग, सकाळी ये," मधुकर म्हणाला, आणि सातचा ठोका पडताच त्यानं तोंड मिटलं.

दहा मिनिटांत कडी वाजली. शेजारच्या जानकीकाकू विरजण मागायला आल्या होत्या. त्या चाळीत तिन्हीसांजेला बंद दार म्हणजे आत काहीतरी विपरीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुंदानं दार फटीएवढं उघडलं, काकूंनी ते ढकलून सताड केलं. आत अंधार, मधुकर कॉटवर उताणा, आणि त्याचे तळवे वाटीनं घासून काळेकुट्ट झालेले.

"अगंबाई! मधूला काय झालं गं?"

"काही नाही हो काकू, झोप येत नाही म्हणून..."

"मधू, अरे काय होतंय तुला?"

मधुकरनं तोंडाकडे बोट दाखवलं आणि नाही म्हणून हात हलवला.

"वाचा गेली!" काकू खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पायही गार पडले असणार, म्हणून चोळतेयस. अर्धांगवायू गं हा!"

मधुकर संतापून उठून बसला आणि आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यानं दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"झटके येतायत! धरा त्याला!"

चाळ लोटली. दोघांनी खांदे दाबले. शेवंतीबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, तसं मधुकरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि सगळ्यांना फारच वाईट वाटलं. कुंदा घसा फोडून खरं सांगत होती, पण तिला धक्का बसलाय असं ठरवून कुणीतरी तिलाच पाणी पाजलं. मधुकर दात आवळून गप्प राहिला. आज झोप हुकली तर उद्या चाळीसगाव, एवढंच त्याला दिसत होतं.

तेवढ्यात समोरच्या खोलीतला क्लेमेंट आला. तो मधुकरच्याच कचेरीत टायपिस्ट होता. "वहिनी, घाबरू नका. मी साहेबांना सांगून येतो. पार्ल्यालाच राहतात ना! सायकलवर हा गेलो नि हा आलो."

साहेब! मौन गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणत मधुकरनं ओरडायला तोंड उघडलं, आणि जानकीकाकूंनी त्यात मधात कालवलेली मात्रा कोंबली. ती घशाखाली उतरेपर्यंत क्लेमेंट रस्त्याला लागला होता.

आठच्या सुमाराला साक्षात रांगणेकर साहेब दारात. मधुकर ताडकन उभा राहिला. "या साहेब, बसा!"

"वाचा आली!" चाळीत एकच जल्लोष झाला.

"माझी मात्रा!" काकू म्हणाल्या.

"टिपणीस, हा काय प्रकार आहे?"

खोटं काही सुचेना. मधुकरनं वैद्यापासून वाटीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मग मघाशी बोलायला काय झालं होतं रे मेल्या?" काकू फणकारल्या आणि सगळ्यांना घेऊन निघून गेल्या.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि ते हळूच म्हणाले, "टिपणीस, दोन महिने झाले, माझा डोळ्याला डोळा नाही. घरी सांगायची चोरी. ती वाटी कुठेय?"

साहेबांनी मोजे काढले. मधुकरनं तळपाय चोळले, कुंदानं दूध दिलं, आणि पंधरा मिनिटांत टिपणिसांच्या कॉटवर साहेब घोरू लागले. त्यांना उठवणार कोण? क्लेमेंट पुन्हा पार्ल्याला निरोप घेऊन गेला, आणि नवराबायको त्या घोरण्याला दाद देत भिंतीला टेकून पहाटेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनचा ठोका पडला. मधुकरनं स्वतःला चिमटे काढले, डोळ्यांना पाणी लावलं, पण मान गेलीच. जाग आली ती ओळखीच्या बुटांच्या आवाजानं. बूट त्याच्या टेबलाशी येऊन थांबले. आता डोळे उघडून तरी काय उपयोग? नळ गेला, खोली गेली, बायकोही गेली!

"क्लेमेंट," साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ते मशीन थांबवा जरा. झोपू द्या त्यांना."

"पण साहेब, ते चाळीसगावचं?"

"वेडे आहात का? रोज संध्याकाळी मी चाळीसगावला कसा जाणार?"