वायरीचे दुसरे टोक

"उद्या दुपारी चार वाजता मागच्या खोलीत इंटरनेट असं धावेल, की तुम्हीच म्हणाल, जरा हळू!"

हे वाक्य ऐकून जेवणाचे टेबल स्तब्ध झाले. वाक्यामुळे नव्हे, ते मौनी बोलला म्हणून!

सत्तावीस वर्षांच्या या तरुणाला घरात मौनी म्हणत. छापखान्यात मुद्रिते तपासण्याची नोकरी त्याने पत्करली तीही एवढ्यासाठी, की दुसऱ्याची चूक दाखवायला तिथे तोंड उघडावे लागत नाही. समासात खूण केली की भागते. उतरत्या उन्हाकडे पाहत खिडकीशी बसणे हा त्याचा छंद, आणि आपण कुणाच्याच कामी येत नाही ही त्याची जपून ठेवलेली खंत.

त्या रात्रीच्या टेबलावर मात्र काम आयतेच चालून आले होते. त्याची थोरली बहीण सांकेतिक भाषेची दुभाषी. एका मोठ्या रुग्णालयात कर्णबधिर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहून बोलणे पोहोचवण्याची जागा निघाली होती. तिची सात वर्षांची आस! मुलाखत संगणकाच्या पडद्यावरून. मागच्या आठवड्यात ती सुरू झाली आणि चौथ्याच मिनिटाला चित्र गोठले. ताईचे दोन्ही हात वाळत घातल्यासारखे हवेत, आणि अर्धे वाक्य कुणालाच मिळाले नाही. समितीने आणखी एक संधी दिली होती. एकच!

"मग फोनवर घ्या म्हणावं मुलाखत," आई म्हणाली.

"आई, खुणा फोनवर कशा पोहोचतील गं?"

"पुढच्या खोलीत बस. राउटर तिथंच आहे ना?"

"तिथं दिवसाही विहिरीत बसल्यासारखं वाटतं. माझे हात दिसायला नकोत का त्यांना?"

उजेड होता मागच्या खोलीत. पण राउटर आणि ती खोली यांच्यामध्ये तीन भिंती आणि एक लोखंडी कपाट उभे होते. तिथे पोहोचेपर्यंत इंटरनेटला धाप लागे.

मौनीचा बेत असा, की मागच्या खोलीत दुसरा राउटर ठेवायचा आणि पुढच्यापासून तिथवर एक लांब वायर न्यायची. पहिल्याने गायचे, दुसऱ्याने री ओढायची. माहितीपुस्तिका त्याने रात्रीत तीनदा वाचली. वाचता वाचता त्यातल्या मुद्रणाच्या चार चुकाही दुरुस्त केल्या.

सकाळी सारे जोडून झाले. ताईने मागच्या खोलीत संगणक उघडून एका मैत्रिणीला जोडून पाहिले, आणि काय सांगावे! चित्र इतके स्वच्छ, की पलीकडच्या मैत्रिणीच्या भिंतीवरचा पोपडासुद्धा दिसला! ताईने त्याचा गाल ओढला. आईने त्याच्याकडे असे पाहिले, जणू आपल्याला धाकटा मुलगाही आहे हे तिला आजच कळले. मौनीच्या मनात एक हळवी, जवळजवळ दुःखद वाटावी अशी आनंदाची लहर उठली. एवढे सुख आपल्याला सोसेल का?

सोसले नाही.

वायर वाटेत पायात येत होती. ती भिंतीला ठोकून घ्यावी म्हणून त्याने दुसऱ्या राउटरमधून तिचे टोक काढून ठेवले आणि तो क्लिपा आणायला बाहेर पडला. दुकानातल्या रांगेत बोलायचा धीर न झाल्याने तीन गिऱ्हाईके त्याच्या पुढे घुसली. परतला तेव्हा साडेतीन वाजले होते आणि ताई दारातच उभी होती.

"मौन्या, नेट गेलं! पुढचंही गेलं! सगळ्या घरातलं!"

"पण... सकाळी तर..."

"तुझ्या नव्या डब्यानं जुन्याचा जीव घेतला," आईने निदान केले.

मौनी जुन्या राउटरसमोर मांडी घालून बसला. त्याचे सगळे दिवे वेड्यासारखे एकाच वेळी लुकलुकत होते. त्याने तो बंद केला, चालू केला. दिवे क्षणभर शांत, की पुन्हा तेच थैमान! इंटरनेट कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, बंद करून चालू करा." तेही केले. पावणेचार वाजले. निदान नवा डबा तरी उचलून फेकावा, म्हणून तो मागच्या खोलीत गेला. पाहतो तर डबा जागेवर, आणि वायर गायब!

"वायर कुणी नेली?" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला!

"कुणी नेली म्हणजे? जागेवर आहे," वर्तमानपत्रामागून बाबांचा शांत आवाज आला.

बाबा निवृत्त भांडारपाल. चौतीस वर्षे त्यांच्या भांडारात एक वस्तू कधी लोंबकळत राहिली नाही की एक खण रिकामा राहिला नाही. वाटेत पडलेली वायर पाहताच त्यांनी तिचे सुबक वेटोळे केले, सुतळीने आवळले, खिडकीच्या पडद्यामागच्या खिळ्याला अडकवले, आणि उरलेले मोकळे टोक...

"लोंबत होतं. त्याच डब्याला एक भोक रिकामं होतं, दिलं बसवून. बघ, कसं घट्ट बसलंय!"

वायरीची दोन्ही टोके एकाच राउटरमध्ये! जे एका भोकातून निघेल ते दुसऱ्यातून परत येणार, पुन्हा निघणार, पुन्हा येणार. घरातले सगळे इंटरनेट त्या वेटोळ्यात गरगरत होते. जिथून निघायचे तिथेच परतायचे! मौनीला क्षणभर त्या वायरीबद्दल फार आपलेपणा वाटला.

"रडायचं असेल तर चारनंतर रड," ताई म्हणाली. "आधी सोडव!"

त्याने टोक उपटताच दिव्यांचे थैमान थांबले. पण सुतळीला भांडाराच्या गाठी होत्या, एकूण आठ.

"कापू नका! सुतळी चांगली आहे!" बाबा चष्मा शोधू लागले. "सोडवतो ना मी. पहिली गाठ डावीकडून..."

आईने स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि एका दमात चौतीस वर्षांची शिस्त कापून टाकली!

मौनी वायर ओढत मागच्या खोलीकडे धावला. वायर दाराच्या फटीत अडकली, त्याने हिसका दिला, आणि टोकाची प्लॅस्टिकची जीभ कट्कन तुटली. आता ते टोक राउटरमध्ये बसे, पण टिकत नसे. बोटाने दाबून धरले की चित्र येई. सोडले की जाई. चारला एक मिनिट कमी! ताईने टेबलाखाली बोट दाखवले. मौनी राउटर घेऊन खाली शिरला.

मुलाखत सुरू झाली. समोरच्या कपाटाच्या आरशात त्याला पडदा आणि ताईचे हात दिसत होते. तिच्या सरावाला समोर बसून बसून ही भाषा त्यालाही कळू लागली होती. हात काय चालत होते तिचे! ताप, कळ, भीती, धीर... सारे स्वच्छ, न अडखळता! दहा मिनिटे, वीस मिनिटे. मौनीचा अंगठा बधिर झाला, उजव्या पायाला मुंग्या आल्या, पण त्याने श्वासही बेताने घेतला.

आणि दारात बाबा उगवले.

"धर घट्ट! अंगठ्यानं दाब, अंगठ्यानं!"

"अहो, हळू! मुलाखत चाललीय!" मागून आई.

"खुणांची मुलाखत आहे, आवाजाचं काय? अरे, सत्तावीस वर्षांचा घोडा झालास, एक वायर धरवत नाही? सोडू नकोस!"

पण बाबांचे हातवारे पडद्यावर लख्ख दिसत होते. समितीच्या अध्यक्षा स्वतः कर्णबधिर. त्यांनी हात वर करून ताईला थांबवले आणि खुणेने विचारले, "मागे कोण आहेत? काय म्हणतायत? सगळं सांगा. शब्द न् शब्द."

ताईचे हात सुरू झाले. घोडा आला, अंगठा आला.

"आणि सुतळी कापलीत ते वेगळंच!" बाबा. तेही खुणांतून पलीकडे पोहोचले.

मग बाबा वाकले, टेबलाखाली डोकावले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "फार दुखतोय का रे हात? सरक, थोडा वेळ मी धरतो."

ताईचे हात किंचित थांबले. मग तिने तेही सांगितले. इतके हळुवार, की आरशात पाहताना मौनीला ते वाक्य आवाजापेक्षा हातांतूनच अधिक ऐकू आले.

पडद्यावर अध्यक्षांनी डोळे टिपले. त्यांनी इतर तिघांकडे पाहिले, आणि चौघांनीही दोन्ही हात वर करून पंजे हलवले. कर्णबधिरांच्या टाळ्या! मग त्यांची बोटे ठामपणे चालली, "निवड झाली. आणि टेबलाखालच्या गृहस्थांचंही अभिनंदन!"

बाकी तिघांचे पंजे पुन्हा हलू लागले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मौनीसाठी टाळ्या वाजवत होते! तो टेबलाखालून अर्धा बाहेर आला, आणि कृतज्ञतेने, मनापासून, त्याने आपलेही दोन्ही हात उंच करून हलवले.

दोन्ही हात.

चित्र गोठले. समितीचे आठ हात हवेतच राहिले.

"मौन्या!" ताई किंचाळली. "रुजू कधी व्हायचं, तेच सांगत होत्या त्या!"

"सोडू नकोस म्हटलं होतं की नाही मी?" बाबा म्हणाले.

आणि ताईने, निव्वळ सवयीने, थिजलेल्या पडद्याकडे पाहत तेही खुणांनी सांगून टाकले.